संगीताच्या नावावरची चूक

संगीताला जाऊन आज वर्ष झालं आणि मला काहीच वाटत नाहीये.

सकाळी विधी झाले. पाहुणे जेवून गेले. बायको गेलेल्या माणसाला रडू यायला पाहिजे. येत नाही.
म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो.

इस्लामपूरजवळच्या शाळेत ती तिसरीचा वर्ग घ्यायची. बावीस वर्षं शिकवून घसा गेला. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आता ओरडायचं नाही. नाहीतर उरलाय तो आवाजही जाईल."

मी ऑनलाइन वायरलेस माईक मागवला. कानाला माईक, कमरेच्या पट्ट्याला छोटा स्पीकर.

फौजेत मी सिग्नलला होतो. वायरलेस सेटच्या बॅटऱ्या सांभाळण्यात निम्मी नोकरी गेली. त्यामुळं शिकवणारा मीच.
"ह्याचाच चार्जर लावायचा. अंगावर असताना चार्जिंग न्हाई. लय गरम लागला की बंद."
तिनं सगळं वहीत उतरवून घेतलं.

पुढं त्या चार्जरची वायर तुटली. मी वायफायच्या डब्याचा जुना चार्जर काढून दिला.
"आवं, ह्यो त्याचा न्हाई."
"पिन बसती न्हवं? मग चालतंय."

आठवड्यानं म्हणाली, "स्पीकर फुगल्यागत वाटतोय. बघा की जरा."
मी मोबाईलमध्ये होतो.
"रविवारी बघतो."

शुक्रवारी भर वर्गात तिच्या कमरेच्या स्पीकरमधून धूर आला.

तिनं पट्टा ओढून काढला, दारातनं पटांगणात फेकला आणि ओरडली, "कुणी भायेर जायाचं न्हाई! मागं सरा!"
स्पीकर बाहेर फुटला. एकतीस पोरं. एकालाही काही झालं नाही.
तिच्या तळहाताची कातडी गेली. आवाजही गेला, तो परत आलाच नाही.

हेडसरांनी लेखी खुलासा मागितला. उजव्या हाताला पट्टी होती. तिनं कुजबुजत सांगितलं, मी लिहीत गेलो.
"लिवा. मी चुकून दुसरा चार्जर वापरला."
"अगं, पण..."
"तुमचं नाव कशाला तिथं? लिवा."

मी लिहिलं.
तिनं डाव्या हातानं सही केली.

पालकांच्या मीटिंगमध्ये एकजण म्हणाला, "मॅडम, पोरं मेली असती." तिनं हात जोडून माफी मागितली. मी शेवटच्या बाकावर बसून बघत होतो.


सहा महिन्यांनी ब्रेन स्ट्रोक. दोन दिवस आयसीयू.
"त्या प्रकाराचा याच्याशी संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारलं.

बाहेर बसून वाक्य जुळवत होतो. आत बोलावलं तेव्हा तिला ऐकू येत नव्हतं.

त्या मीटिंगमधले बरेच जण इथं फ्रेंडलिस्टमध्ये आहेत.
तुमच्या मॅडमची काही चूक नव्हती. चार्जर मी दिला होता. सांगूनही मी बघितलं नाही. शाळेच्या फायलीतला खुलासा माझ्या अक्षरात आहे आणि तो खोटा आहे.

संगीता, तू असताना हे बोलायला पाहिजे होतं.
नमस्कार करतो तुला.