खालच्या गावाचा पाऊस

सोमाबाबा गेल्याचं त्यांच्या सुनेनं, हिराबाईनं फोनवर कळवलं. "भाऊसाहेब, बाबा गेले," ती म्हणाली. मग म्हणाली, "आन् घरकुल मंजूर झालंय. वढ्याच्या कडंला जागा दिलीय. बाबा शेवटपत्तुर न्हाई म्हनत हुते." खोटं कशाला बोलू... आधी भीती आली, दुःख मागून.

अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या एका वाडीत बाबांनी उभी हयात पर्जन्यमापक सांभाळला. मी खाली तालुक्याच्या ऑफिसात कारकून. त्यांचे आकडे तक्त्यात भरणारा. रोज सकाळी साडेआठला बाबा साठलेलं पाणी काचेच्या मापात ओतायचे, गुडघे टेकून डोळा पाण्याच्या रेषेला लावायचे. कुणी घाई केली की म्हणायचे, "उभ्यानं बघितलं की आकडा फुगतो, बाबा. पावसाम्होरं वाकावंच लागतं." मग अर्धा डोंगर चढून, रेंज येणाऱ्या खडकावरून मला फोन. ताप असो, लग्न असो, खाडा नाही. मी त्यांची थट्टा करायचो, की तुम्ही नाही मोजला तर पाऊस पडायचा थांबेल काय?

एका श्रावणात घाटात दरड आली. रस्ता बंद, रेंज गेली, तीन दिवस फोन नाही. तक्ता तर वर पाठवायचा होता, आणि आमच्याकडे रिकामा रकाना म्हणजे कारकुनाचा गुन्हा. अशा वेळी शेजारचा आकडा घालायची पद्धत होती. मी पायथ्याच्या गावाचा घातला. तिथे वाडीच्या निम्माही पाऊस पडत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. चौथ्या दिवशी बाबा इरलं पांघरून, चिखल तुडवत स्वतः उतरले. पिशवीतली चिठ्ठी मी वाचली; तिन्ही दिवसांचे आकडे माझ्या आकड्यांच्या कितीतरी वर होते. मापक भरून वाहू नये म्हणून त्यांनी तो दिवसातून तीनतीनदा रिकामा केला होता. मी म्हणालो, "तक्ता गेला, बाबा. सरकारी वहीत तेवढं जुळवून घ्या."

"भाऊसाहेब, पाऊस माज्या दारात पडला, अन् तुमी लिवला खालच्या गावाचा."

तरी माझी नोकरी जाऊ नये म्हणून त्यांनी वहीतले खरे आकडे खोडले आणि माझे उतरवून घेतले. मी त्यांना चहा पाजला. पुढे कधीतरी त्यांनीच सांगितलं, की ते तीन आकडे त्यांनी घरच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलेत. "वही तुमची, भित माजी," म्हणाले. आम्ही दोघंही हसलो.

घरकुलाजवळचा तो ओढा कधी कुणी मोजलाच नाही. पूर कुठवर येईल याची रेषा आखली ती या तक्त्यांवरूनच, आणि घरकुलाची जागा तिच्या बाहेर, म्हणजे कागदावर सुरक्षित. म्हणून दहावा उरकल्यावर मी वाडीला गेलो. भिंतीचा फोटो काढायचा आणि साहेबांपुढे ठेवायचा, एवढंच डोक्यात होतं. भिंत नुकतीच सारवलेली होती. शेणाचा ओला वास येत होता.

"इथं बाबांनी काही लिहिलं होतं..."

"व्हय, कदी सारवू द्यायचे न्हाईत तेवढी जागा," हिराबाई म्हणाली. "पन सुतक फिटलं, घर सारवाया नगं व्हय?"

मला ते आकडे आठवत नाहीत. किती रात्री आठवून पाहिलं, तरी माझेच खोटे आकडे आठवतात.

मग तिनं मला ओढ्यावर नेलं. घोटाभर पाणी होतं. काठाला जोत्यासाठी पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारलेल्या. "एवढुसं तर पानी," ती म्हणाली. "कागदात बसतंय म्हनले साहेब. बाबा उगीच भ्यायचे का वो?"

"उगीच नाही, हिराबाई. तो कागद मी लिहिलाय. खोटा लिहिलाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली मान घालून टाचेनं आपल्या घराची रेघ पुसू लागली. बाकीच्या घरांच्या रेघा काठाकाठानं पार वळणापर्यंत गेल्या होत्या.