पस्तीसला पास

बायकोचं पोट फुगायला लागलं तेव्हा मी तिला महिनाभर ओवा खाऊ घातला. वर चिडवलंही, "या वयात काय बातमी देऊन राहिली?" ती पन्नाशीला टेकलेली, मी आखाडा बाळापूरला मास्तर, घरी थोडी हळदीची शेती, आणि माझं वैद्यकीचं ज्ञान ओव्यापाशीच संपत होतं.

पोटात पाणी झालं होतं. अंडाशयाचा कॅन्सर, पोटभर पसरलेला. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. ऑपरेशन झालं, केमोच्या सहा सलाइनी झाल्या, केस गेले, रोग दबला. दबला म्हणजे गेला नाही, हेही बाईंनी बजावलं होतं. तो पुन्हा डोकं वर काढतो का, हे रक्ताच्या एका तपासणीवरून कळायचं. सगळे तिला 'मार्कर' म्हणत. मी 'मार्क' एवढंच ऐकलं.

तपासणीचे कागद माझा मेहुणा आणायचा. एकदा तो लग्नाला गेला, म्हणून मी आणायला गेलो. कागदावर आकडा होता दोनशे दहा. शेजारी बारीक छापलेलं, पस्तीस. पस्तीसला पास, हे मास्तराला कोणी शिकवायचं? मी तिथल्या तिथं अर्धा किलो पेढे घेतले आणि लॅबवाल्यापासून वाटायला सुरुवात केली. त्यानं पेढा घेतला, माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मग बायकोला घेऊन बाईंकडे गेलो, टेबलावर पुडा ठेवला. एक स्वतःच्या तोंडात टाकला. बाई कागदच वाचत बसल्या.

"काहून हो, बाई पेढा घेऊन न्हाई राहिल्या?" बायकोनं हळूच विचारलं.

"गुरुजी," बाई म्हणाल्या, "हा आकडा पस्तीसच्या खाली पाहिजे. मागच्या खेपेला होता. आता वाढलाय."

पेढा गिळावा की काढावा, मला कळेना. बायको माझ्याकडे बघत होती.

"तीस वर्षं पोरं अशीच पास केली काय तुमी?" ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. हसू लवकर सरलं. "मंग आता वं, बाई?"

"पहिल्या औषधाला रोग जुमानत नाही. दुसरं आहे. लागू पडेल का, ते दोन-तीन महिन्यांनी कळेल."

दुसरं औषध दर आठवड्याला होतं. परतीच्या एसटीत वारंगा फाट्यापर्यंत ती दम धरायची, तिथं उतरून उलटी करायची, तोंड धुऊन परत जागेवर. बोटं बधिर झाली, हातातून पेले निसटायला लागले. पहिल्या महिन्यात आकडा हललाच नाही. दुसऱ्यात थोडा उतरला. कागद मी उघडायचा नाही, असं घरात ठरलं. बंद पाकीट थेट बाईंच्या हातात द्यायचं.

पाचव्या महिन्यात बाईंनी पाकीट फोडलं. "एकतीस."

मी बायकोकडे बघितलं. पुन्हा चुकीच्या जागी पेढे वाटायला नको.

"हे औषध किती दिवस पुरंल?" तिनं विचारलं.

"पुरेल तोवर. मग तिसरं बघू."

बायकोनं बोटांवर महिने मोजले. "म्हंजी हळद काढून व्हईल," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली, "चला, उठा. कामाला बाया सांगायच्या राहिल्यात."