साधारण पकड

पाथर्डीच्या पूर्वेला, जिथं बाजरीसुद्धा उगवावं की नाही याचा विचार करत बसते, अशा एका गावात मारुतीसमोर एक काळा, गुळगुळीत धोंडा पडलेला आहे. त्याला ना कड, ना धरायला खाच. यात्रेच्या दिवशी तरणी पोरं तो उचलायला बघतात. त्याचं वजन कोणी कधी केलेलं नाही, कारण गावाला तशी गरजच पडली नाही. धोंडा गुडघ्यापर्यंत आला तर माणसं म्हणतात, "चाललंय." छातीला लागला तर, "हाय दम." आणि खांद्यावरून मागं पडला तर त्या पोराचं नाव शेजारच्या गावांतही घेतलं जातं. गहिनीनाथनं तो लागोपाठ काही यात्रा मागं टाकला होता. लंकाबाईला त्याचं स्थळ आलं तेव्हा तिच्या बापानं जमीन विचारली नाही, शाळा विचारली नाही. "धोंडा टाकनारं पोरगं हाय," एवढंच घरात येऊन सांगितलं आणि सुपारी फुटली.

लग्नानंतरची बरीच वर्षं दोघांनी ऊसतोडीत काढली. गहिनीनाथ दोन मोळ्या एकदम डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचा आणि टोळीतली माणसं कोयता थांबवून बघायची. लंकाबाई त्याच फळीवरून एकेक मोळी घेऊन दिवसभर चढ-उतर करायची, आता सासरी असलेली लेक सृष्टी पोटात होती तेव्हासुद्धा. ते बघायला कोणी थांबत नसे. तिलाही त्यात काही बघण्यासारखं वाटत नव्हतं. बायका चढतातच.

पुढं ते सुप्याला आले. एमआयडीसीच्या अलीकडं एका व्यापाऱ्याचं पशुखाद्याचं गोदाम आहे, तिथं गहिनीनाथ हमाल लागला. ट्रक लागला की दोघांनी पोतं पाठीवर द्यायचं आणि तिसऱ्यानं ते नेऊन थप्पीला लावायचं, अशी तिथली रीत. गहिनीनाथ देणाऱ्यांची वाटच बघत नसे. वाकला, हूक टोचला, गुडघ्यानं एक ढुशी दिली की पोतं आपलं आपण पाठीवर. मुकादम भागवत गिऱ्हाइकाला गोदाम दाखवायचा तेव्हा सरकी पेंडीबरोबर गहिनीनाथही दाखवायचा. "हे आमचं क्रेन," म्हणायचा. गहिनीनाथ मान खाली घालून हसायचा, पण पुढचं पोतं जरा जास्तच रुबाबात उचलायचा. संध्याकाळी ते सगळं लंकाबाईला सांगायचा आणि ती भाकरी थापत म्हणायची, "क्रेनला डिझेल लागतं. जेवा आता."

दोन वर्षांपूर्वी लंकाबाईचा भाचा करण त्यांच्याकडं राहायला आला. एका कंपनीत मशिनवर होता आणि काम सुटल्यावर जिममध्ये जायचा. आल्यावर मोबाईलमध्ये आपण आज किती उचललं ते भरायचा, मग मोबाईल त्याला तो कितपत आहे ते सांगायचा. एका रविवारी गहिनीनाथ त्याच्या शेजारी येऊन बसला.

"काय सांगतंय रं ते?"

"माझं वय, वजन अन् उचललेलं वजन घालायचं. मग ते सांगतं, आपण नवशिके हाय का साधारण हाय का भारी. मी अजून साधारणच हाय, मामा."

"एवढा घाम गाळून साधारण? मग माझं बघ की."

"धोंडा किती किलोचा हुता?"

"धोंड्याला काय काटा लावत्यात का? उचलला का न्हाई उचलला, एवढंच आसतंय."

करणनं मग जुन्या पोत्यांचा हिशोब लावला. गोदामातल्या सुरुवातीच्या दिवसांतलं क्विंटलभराचं पोतं, त्यावर आणखी एक चढवलेलं, तेव्हाचं वय, तेव्हाचं अंग. सगळं अंदाजानं. मोबाईलनं क्षणभर विचार केला आणि हिरव्या अक्षरांत उत्तर दिलं.

"एलिट!" करण ओरडला. "मामा, एलिट! म्हंजी शंभरात एखादा."

"शंभरात?" गहिनीनाथ म्हणाला. "आमच्या अख्ख्या टापूत कोन न्हवतं."

"आत्या, तुझं काढू का?"

"माझं काय काढतो? मी कुठं काय उचललंय?" लंकाबाई म्हणाली आणि पाण्याचा भरलेला पिंप सरकवून त्याच्या मागची जागा झाडू लागली.

त्यानंतर कित्येक दिवस गोदामात गहिनीनाथला सगळे 'एलिट मामा' म्हणायचे. त्याला तो शब्द नीट म्हणता येत नसे. पण कोणी हाक मारली की तो लगेच वळायचा.

हाताचं दुखणं पहिल्यांदा लंकाबाईच्याच ध्यानात आलं. सकाळी चहाचा कप धरताना त्याची बोटं कपाला पुरती मिटत नसत. एकदा कप निसटला, तेव्हा तो म्हणाला कपाच्या कानाला तेल लागलं होतं. पुढच्या वेळी म्हणाला कपच गरम होता. मग तो सदऱ्याची बटणं लावायला तिच्यापुढं येऊन उभा राहू लागला, जणू लाडात आल्यासारखा. तीही बटणं लावून द्यायची. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट रात्रभर बधिर असायचं. दिवस चढला की हातात जोर यायचा, पाच-पन्नास पोती व्हायची आणि दुपारनंतर हूक हातातून सुटायचा. पोरं आता त्याच्या पाठीवर पोतं द्यायला आपणहून येत. तो त्यांना नको म्हणत नव्हता, हे तिला करणकडून कळलं, त्याची त्या पोरांत ऊठबस होती. ते ऐकून तिला कप पडला तेव्हापेक्षा जास्त धसका बसला.

ती भागवतकडं गेली. भागवत काही वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली.

"वैनी, मला दिसत न्हाई का? परवा थप्पीवरनं पोतं निसटलं, खाली पोरगं हुतं. थोडक्यात वाचलं. गेटवरचा म्हातारा दिवाळीला गावाकडं चाललाय कायमचा. बसून काम हाय. गाड्यांची नोंद करायची अन् साखळी सोडायची. पन शेठ म्हनतो, सगळेच हात दुखतोय म्हनत्यात, कोनाकोनाला बसवू? आता तपासनी हाय सगळ्यांची. डाक्टरनं लिहून दिलं ना, की हाताची ताकद गेलीय, की गेट तुमचं. मी शब्द देतो."

लंकाबाई त्या दिवशी चालत घरी आली ती जवळजवळ पळतच. भाजी चिरतानाच तिनं सगळं सांगितलं. गहिनीनाथ ऐकत होता. गेटवर बसणं त्याला कमीपणाचं वाटणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं म्हाताऱ्याच्या खुर्चीचं, पंख्याचं, सावलीचं असं कौतुक केलं की करण म्हणाला, "आत्या, मीच जातो आता गेटवर."

तपासणीच्या सकाळी तिनं विषय काढला.

"आवं, तिथं दाबायचं यंत्र आसतंय म्हनं. जरा बेतानं दाबा."

"म्हंजी ढोंग करू?"

"ढोंग कुठलं त्यात? सकाळी कप धरता तेवढंच. तेच खरं हाय. यंत्रापुढं दम कोंडून दाबाल, ते दिवसभर टिकतंय का तुमाला?"

तो सदरा अंगात घालून तिच्यापुढं येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "बरं."

तिनं बटणं लावली. तो 'बरं' म्हणाला याचा तिला आनंद झाला आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात गोदामातली सगळी पोरं रांगेत होती. आत टेबलापाशी एक तरुण डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. यंत्र म्हणजे चिमट्यासारखी दांडी आणि वर घड्याळासारखी तबकडी. दार उघडंच होतं, त्यामुळं कोणाचा काटा कुठं गेला ते बाहेर दिसत होतं, आणि पोरांनी त्याची यात्रा केली होती. गोदामात नवीन लागलेला कल्याण नावाचा पोरगा दाबून बाहेर आला तेव्हा शिट्ट्या वाजल्या. मग गहिनीनाथची पाळी आली.

"सरका रं, एलिट मामा आलं!"

"मामा, यंत्र मोडू नका हां. शेठ पगारातनं कापील!"

"बाई, दुसरं यंत्र हाय ना शिल्लक?"

लंकाबाई दारात उभी होती. गहिनीनाथनं बाह्या वर सरकवल्या. त्यानं दोन्ही तळहात पायजम्यावर घासले. यात्रेत तो मातीवर घासायचा, इथं फरशी होती.

"काका, पूर्ण जोर लावा," बाई म्हणाल्या.

"आवं..." लंकाबाई म्हणाली. त्यानं तिच्याकडं बघितलंच नाही. डोळे मिटले, ओठ हलले, आणि मग त्यानं दाबलं. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, कपाळ लाल झालं, खांदा थरथरला. काटा सरकला आणि थांबला. "अजून एकदा," बाई म्हणाल्या. त्यानं पुन्हा दाबलं. तिसऱ्या वेळी त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की व्हरांड्यातलं बोलणं बंद पडलं. डाव्या हातानंही तेच. जे काही उरलं होतं ते सगळं त्यानं त्या दांडीत ओतलं.

काटा कल्याणच्या बराच अलीकडं थांबला होता. सगळ्यांना दिसलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं लंकाबाईला वाटलं. त्याऐवजी एक जण हळूच म्हणाला, "यंत्र बिघडलं आसंल," आणि बाकीचे मोबाईलमध्ये बघू लागले.

बाईंनी भिंतीवरच्या तक्त्यावर बोट फिरवलं. "छान आहे, काका. दोन्ही हातांची पकड वयाच्या मानानं साधारण आहे. काळजीचं कारण नाही."

"साधारण म्हंजी?" गहिनीनाथनं विचारलं.

"म्हणजे चारचौघांसारखी."

लंकाबाई आत आली. "बाई, हे चारचौघांतले कधी न्हवतेच. ह्यांचा हात लई मोठा हुता. तिथनं चारचौघांसारखा झाला, म्हंजी किती गेला बघा की! सकाळी कप ऱ्हात न्हाई हातात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या खरोखर विचार करत होत्या. "मावशी, मला पटतंय तुमचं. पण त्यांची आधीची ताकद किती होती ते कुठं मोजलेलं आहे का? एखादा जुना आकडा?"

लंकाबाईनं गहिनीनाथकडं बघितलं. कोणी कधी काटा लावला नव्हता.

"मग मी आज दिसलं तेच लिहू शकते. कप सुटतो म्हणता, मानेतली नस दबली असेल. नगरला जाऊन मानेचा एमआरआय काढा, मी चिठ्ठी देते. त्यात काही निघालं तर पुढं बघू."

चिठ्ठी गहिनीनाथनं खिशात घातली. बाहेर आल्यावर लंकाबाई म्हणाली, "नगरला उद्याच जाऊ." तो म्हणाला, "चारचौघांसारख्या मानसाला एमआरआय कशाला लागतोय?" आणि बसथांब्याकडं चालू लागला.

वाटेत तिला राहवलं नाही. "तुमी 'बरं' म्हनला हुता."

"म्हनलं हुतं."

"मग?"

"हातात दिल्यावर कसं ढिलं सोडू, लंके?"

गेटचं काम दुसऱ्या एका हमालाला मिळालं. त्याचा गुडघा गेला होता आणि कागदावरही गेलेलाच निघाला. भागवत स्वतः घरी आला, चहा न घेता उभ्या उभ्या म्हणाला, "वैनी, कागदावर साधारण आलंय. शेठ म्हनतो, साधारण मानूस पोती उचलू शकतो." गहिनीनाथ आत बसून ऐकत होता. बाहेर आला नाही.

नगरचं रोज उद्यावर गेलं. तो मात्र रोज गोदामात जात राहिला. आता पोरं त्याला कोपऱ्यातली, जमिनीलगतची थप्पी देत. 'एलिट मामा' कोणी म्हणत नव्हतं. नुसतं मामा. भागवत गिऱ्हाइकांना घेऊन त्याच्यावरून पुढं जायचा.

एका संध्याकाळी लंकाबाई पीठ दळून आली तेव्हा तो ओसरीत बसला होता. हातात करणचं ते स्प्रिंगचं हँडल होतं, जिमवाली पोरं मूठ आवळायला वापरतात ते. दात आवळून तो दाबत होता.

"करन," तो विचारत होता, "तक्त्यात साधारनच्या वर काय आसतंय रं?"

"चांगली. मग त्याच्यावर उत्तम."

"चांगलीला किती लागतंय? पुढल्या वर्षी तपासनी हायच की परत."

करणनं आत्याकडं बघितलं. तिनं दळण खाली ठेवलं. हा माणूस गेटसाठी हात दाबत नव्हता, नोकरीसाठीही नाही. पुढच्या वर्षी त्याच दारात, त्याच पोरांसमोर, तो पुन्हा सगळं ओतणार होता, आणि तोवर हातातलं उरलंसुरलंही या स्प्रिंगवर संपवणार होता. तिनं समजावलं. करणनंही सांगितलं, "मामा, नस दबल्यावर असा व्यायाम करू नये म्हनत्यात." तो फक्त म्हणाला, "मला उचलायचं शिकवू नका."

दुसऱ्या सकाळी तिनं हँडल पिठाच्या डब्यात खोल दडवलं.

तो उठला. आधी उशीखाली बघितलं, मग खिडकीत, मग करणच्या बॅगेत. विचारलं मात्र नाही. चूल, मोरी, देव्हारा, सगळीकडं फिरला. बधिर हात पोटाशी धरून, मोठ्या अंगाचा तो माणूस आपल्याच दोन खोल्यांत वाट चुकल्यासारखा फिरत होता. धोंड्यापुढं कोणी त्याला हात लावला असता तर त्यानं त्या माणसाला फेकून दिलं असतं. आता त्याच्याच्यानं बायकोला 'कुठं ठेवलंस' एवढंही विचारवत नव्हतं. शेवटी तो ओसरीत जाऊन बसला आणि रिकामीच मूठ मिटू-उघडू लागला. दोन बोटं मिटत नव्हती.

लंकाबाईनं बराच वेळ ते बघितलं. मग डबा उघडला, हँडल काढलं, पदरानं पीठ पुसलं आणि त्याच्यासमोर बसली. त्यानं हात पुढं केला. तिनं ते त्याच्या तळव्यात ठेवलं आणि त्याची न मिटणारी बोटं एकेक करून स्वतःच्या हातांनी त्याच्यावर मिटवून दिली.