मशीनचं डोकं खाटेखाली

"सुई काढली की ती कसली शिवणमशीन? नुसतं चाक हाय ते," बाबा मागच्या ओट्यावर काकांना सांगत होते.

काका हसले. "व्हय, पण वहिनी काय बोलली?"

"ती काय बोलतेय."

मी स्वयंपाकघरात कप विसळत होते आणि आई माझ्या शेजारी भाकरी थापत होती. मध्ये फक्त जाळीचं दार. तिला ऐकू गेलं नाही असं म्हणायला जागाच नव्हती. तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि मला म्हणाली, "चहात आलं जास्त घाल, तुझ्या बाबांना खोकला झालाय."

खोकला कशाने झालाय ते आम्हां दोघींनाही माहीत होतं. ओट्यावर, खिडकीच्या गजांवर, पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर सगळीकडे काळपट भुकटी बसत होती. सकाळचे पोहे खाताना दाताखाली कचकच लागायची. बाबा म्हणायचे, पोहे नीट निवडले नाहीत.

आम्ही रोह्याला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. बाबा मेंटेनन्सला फिटर. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, पेणला घरचा गणपतींचा कारखाना बघायचे. त्या वर्षी गणपती उठले आणि काका गाऱ्हाणं घेऊन आले की, कोरण्या पार झिजल्यात. मूर्तीचे डोळे, बोटं, दागिन्यांच्या कडा कोरायला त्यांच्याकडे लहान लहान पोलादी हत्यारं लागतात, त्या कोरण्या. बाजारात मिळतात त्या त्यांच्या कारागिरांच्या हातात बसत नाहीत. दसऱ्यानंतर पुढच्या वर्षाचं काम सुरू होणार, तोवर नवीन हव्यात.

बाबांना एवढंच पुरलं. कंपनीत हॅकसॉची मोडकी पाती भंगारात जायची. ती रीतसर विचारून आणायची, घासून त्यांना आकार द्यायचा, मग पॉलिश करायचं. कंपनीच्या ग्राइंडरवर घरचं काम करायचं नाही हा त्यांचा नियम होता आणि त्याबद्दल मला त्यांचा आदरच होता. पण म्हणून घरातल्या मशीनवर करायचं, हा त्याच्या पुढचा विचार कुठून आला ते मला अजूनही कळलेलं नाही. विजेवरचा ग्राइंडर आणा असं कुणी सुचवलं की ते दिव्याकडे बोट दाखवायचे. लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता हे खरंच होतं. "पायावर चालणाऱ्या मशीनला लाइट लागत नाय," असं ते म्हणायचे आणि वर आमच्याकडे अशा नजरेने बघायचे की आता यावर काय बोलाल.

ती मशीन आईने लग्नात माहेराहून, खांब गावाहून आणलेली. लोखंडी स्टँड, खाली पायटा आणि मोठं चाक, चामड्याचा पट्टा, वर काळं कुळकुळीत डोकं आणि त्यावरची सोनेरी वेलबुट्टी हाताने पुसून पुसून फिकट झालेली. क्वार्टर्सच्या आमच्या लाइनीतल्या निम्म्या बायकांची ब्लाउजं तिच्यावर शिवलेली होती.

बाबांनी आधी आईकडून एक काम करून घेतलं. जुन्या धोतराचे ताटाएवढे गोल कापले, एकावर एक रचले आणि तिला म्हणाले, याच्यावर गोल गोल शिलाई मार, मध्यापासून कडेपर्यंत. तिने विचारलं, कशाला? ते म्हणाले, गादी हाय, पॉलिश करायला. तिने शिवून दिली. तिला वाटलं कंपनीत न्यायची असेल. दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली तेवढ्यात बाबांनी मशीनचं डोकं उचकटलं आणि त्याच्या जागी दोन बेअरिंगांत एक दांडा बसवला. दांड्याच्या मध्ये पट्टा अडकवायला एक लहान चाक, उजव्या टोकाला घासायचा दगड, डाव्या टोकाला तिनेच शिवलेली गादी. मशीनने शेवटचं शिवलं ते हे.

आई परत आली तेव्हा मी दारात उभी होते. मला तिला आधीच सांगायचं होतं, पण काय सांगू ते ठरेपर्यंत ती आत गेली होती. माझं नेहमी असंच व्हायचं. मी इंग्लिश मिडियममध्ये शिकले म्हणून लाइनीतले लोक मला शिष्ट समजत. खरं तर माझी वाक्यं एका भाषेत सुरू व्हायची, दुसरीत अडायची आणि तोंडापर्यंत येईस्तोवर समोरच्यांचा चहा पिऊन झालेला असायचा. त्यापेक्षा गप्प राहणं सोपं होतं. मी बघत राहिले. आईने पिशवी खाली ठेवली, डोकं उचललं, जुन्या साडीत गुंडाळलं आणि खाटेखाली सरकवलं. एवढंच.

आता खाटेखाली डोकं आणि कपाटात कापड. कारण त्याच सुमारास शेजारच्या चाचींनी तिच्याकडे त्यांच्या मुलीच्या निकाहचा शरारा शिवायला दिलेला होता. नवरामुलगा कुवेतला होता, त्याने लाल चकचकीत कापड पाठवलेलं. चाचींच्या मुलीला लहानपणापासून माझ्या आईनेच फ्रॉक शिवले होते आणि शिंप्यासमोर माप द्यायला उभी राहायला ती तयार नव्हती. निकाह दिवाळीनंतर लगेच. आईने माप घेतलं, कापड बेतलं, "होऊन जाईल" असं सांगितलं आणि त्याच आठवड्यात बाबांना कोरण्या सुचल्या.

चाची दर दोन-चार दिवसांनी कुंपणापाशी यायच्या. "वैनी, होतंय ना गो?" त्या विचारायच्या. त्यांना ओट्यावर काय चाललंय ते दिसत होतं, पण दुसऱ्याच्या नवऱ्याबद्दल बोलायचं नाही एवढी सभ्यता त्यांच्याकडे होती. आई म्हणायची, होतंय. मग दुपारी जमिनीवर बसून ती शराऱ्याची शिवण हाताने घालायची. कापड निसरडं, घेर मोठा. वीतभर घालायची आणि उसवायची. बाबांनी एकदा जाता जाता बघितलं. म्हणाले, हातची शिलाई जास्त टिकते. ते हे मनापासून म्हणाले, हीच तर पंचाईत.

दुसरी पंचाईत पायांची. बाबांना मशीन मारता येत नव्हती. जन्मात कधी मारलीच नव्हती. शिवणाऱ्या बाईचा हात आधी वरच्या चाकाला जातो, ते जरा आपल्याकडे ओढून सोडायचं आणि मग पाय चालवायचा, तेव्हा ते सुलटं फिरतं. बाबा थेट पायाने सुरुवात करायचे. कधी सुलटं फिरे, बहुतेक वेळा उलटं. शिवताना उलटं फिरलं तर फक्त दोरा तुटतो. इथे दगडाचा नट सैल व्हायचा. एका रविवारी दगड डगमगत डगमगत दांड्यावरून सुटला, ओट्यावरून घरंगळला आणि तुळशीपाशी जाऊन आडवा झाला. बाबा त्याच्याकडे बघत उभे राहिले आणि मग आत आवाज दिला, "अगो, जरा इकडं ये."

त्या दिवसापासून आई स्टुलावर बसून पाय मारायची आणि बाबा समोर उभे राहून पातं धरायचे. स्वयंपाक झाला की ती बसायची, भांडी झाली की बसायची. तिला पाय दुखतात का असं त्यांनी विचारलं नाही, पण मध्ये थांबली तर "दमलीस?" एवढं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पातं उलटून बघायचे. ती शिव्या देत नव्हती, आदळआपट करत नव्हती. मला तिचाच जास्त राग यायचा. मी एकदा म्हटलं, सांग ना त्यांना. ती म्हणाली, "असू दे. दसऱ्यापर्यंत होईल त्यांचं. तू बोलशील तर बोल."



वैताग असा की कोरण्या खरोखरच चांगल्या होत होत्या. मी पेणला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे, तेव्हा तयार झालेल्या चार-पाच वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याच्या पिशवीतून न्यायचे. एसटीत कुणाला टोचू नये म्हणून पिशवी मांडीवर धरून बसायचे. कारखान्यात एक म्हातारे कारागीर पुढच्या वर्षाच्या नमुन्याच्या गणपतीच्या सोंडेची वळी काढत बसलेले असायचे. त्यांनी कोरणी हातात घेतली, बोटात फिरवली, ओल्या शाडूवर एक रेघ ओढली आणि काकांकडे बघून मान हलवली. काकांनी मला सांगितलं, बाबांना सांग, अशाच अजून हव्यात, आणि त्या गादीवर पितळेचे साचेपण चकचकीत होतील. मी घरी येऊन बाबांना सांगितलं की त्यांना आवडल्या. साच्यांचं मुद्दाम सांगितलं नाही. ते काकांनी दोन दिवसांनी फोनवर सांगितलंच. फोन शेजारच्या लाइनीत यायचा, म्हणजे सगळ्या लाइनीला कळलं.

मग बायका विळ्या घेऊन यायला लागल्या. बाबा कुणाला नाही म्हणेनात. आईने ज्यांची ब्लाउजं शिवून दिली त्यांच्याच विळ्यांना धार लावायला ती पाय मारत होती. एकजण म्हणाली, "वैनी, माझ्या ब्लाउजाचं कधी?" आणि मग स्वतःच हसली, "आता कसला ब्लाउज, आता विळ्याच घालू अंगात." सगळ्या हसल्या. आईपण हसली.

गादी पहिल्या पंधरवड्यातच झिजली. कडा उसवून चिंध्या लोंबायला लागल्या. बाबांनी धोतराचे नवे गोल कापले आणि आईपुढे ठेवले. तिने हाताने टाके घातले. ती गादी दांड्यावर चढवली, आईने पाय मारला आणि दोन मिनिटांत गादीच्या गोल गोल चकत्या ओट्याभर उडाल्या. एक माझ्या पुस्तकावर येऊन पडली. बाबा म्हणाले, "टाके लांब घातलेस गो." आईने चकत्या गोळा केल्या आणि फडक्यांच्या डब्यात टाकल्या. पुन्हा जुनीच गादी, दोऱ्याने गुंडाळून.

हे सगळं बाबांना दिसत होतं. दिसत होतं आणि तरी त्यांच्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींना भेटत नव्हत्या. इतकी साधी गोष्ट, आणि नटबोल्टचं सगळं कळणाऱ्या माणसाला ती कळू नये. मी जेवताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसायचे.

खंडेनवमीला सकाळीच काका आले. ओळखीच्याचा टेम्पो माल टाकायला रोह्याला आला होता आणि रिकामा पेणला परतणार होता, त्यात बसून. आमच्याकडे पूजा मांडायची तयारी चालली होती. पाटावर बाबांचे पान्हे, पकड, कोयता, आईची कात्री. दरवर्षी मशीनलाही हळदकुंकू लागायचं आणि सुईच्या दांड्याला झेंडूचं फूल. बाबांनी आधीच दगडाभोवती झेंडूची माळ घातली होती. आई आत गेली, खाटेखालून डोकं काढलं, साडी सोडली, पदराने पुसलं आणि दोन्ही हातांनी उचलून आणून पाटावर ठेवलं.

"हे कशाला काढलंस?" बाबांनी विचारलं.

"दरवर्षी पूजते," आई म्हणाली आणि नारळ आणायला आत गेली.

काकांनी मशीनभोवती एक फेरी मारली. मग मुद्द्यावर आले. ही अशीच पेणला न्यायची, संध्याकाळी कारखान्यातल्या पूजेला तिथे हवी, आणि उद्यापासून कामाला. टेम्पो बाहेर उभाच आहे. पूजा एकदा झाली की आजचा दिवस हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून आधीच चढवू या. बाबांचा चेहरा फुलला. म्हणाले, ने की, मी दुसरा स्टँड बघतो कुठेतरी. चाची तेव्हा कुंपणापाशी फुलं द्यायला आल्या होत्या. त्यांनी ऐकलं. फुलांची परडी हातात तशीच धरून त्या उभ्या राहिल्या.

"पण न्यायच्या आधी एकदा चालवून दाखव," काका म्हणाले.

बाबांनी आईला हाक मारली. ती पुरणाच्या हातांनी दारात आली. "असू दे, तू राहू दे," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "ये गो, तू मार पाय. तुला येतो."

मला येत होता. आईनेच शिकवला होता. मी जाऊन स्टुलावर बसले, कारण सगळे बघत असताना नाही म्हणण्यापेक्षा बसणं सोपं होतं. पाय पायट्यावर ठेवले. समोर दगड, त्याला झेंडूची माळ, डाव्या हाताला चिंध्या लोंबणारी गादी. पाटावर आईच्या मशीनचं डोकं, सुईशिवाय.

काकांनी गादीला बोट लावलं. "ही तर गेली रे. अशा डझनभर तरी लागतील आम्हांला."

"त्याचं काय एवढं," बाबा म्हणाले. "तुझी वहिनी शिवून देईल."

आई दारातच होती. चाची कुंपणापाशी. मी वरच्या चाकाला हात लावला होता, तो काढून घेतला.

"कशावर?" मी म्हटलं.

बाबांना वाटलं मी पाय कशावर ठेवू असं विचारतेय. "पायट्यावर गो, कशावर म्हणजे?"

मी स्टुलावरून उठले. पाटावरचं डोकं उचललं. ते मला वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. ते मी बाबांच्या हातात दिलं आणि पाटावरचा पान्हा उचलून त्यावर ठेवला.

"आई गाद्या कशावर शिवेल, बाबा?" मी म्हणाले. "दांडा काढा आणि हे बसवा. पेणला काय जायचं असेल ते तुमचं दगड आणि बेअरिंग जाऊ दे, स्टँड नाय जाणार. आधी चाचींचा शरारा होईल, मग तुमच्या गाद्या. आणि तोवर या घरात कुणीपण तुमच्यासाठी पाय मारणार नाय."