सुटी होणारी रायफल

नवऱ्याला रायफल घ्यायची होती आणि कोणती घ्यावी हे मी शोधून द्यावं अशी त्याची अपेक्षा होती. पुण्यात मी अकरा वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलं. त्यामुळे फ्रिज, विमा, मुलीची सायकल, जे काही घ्यायचं असेल त्याची तुलना आमच्या घरात माझ्याकडे येते. नेदरलँड्समध्ये उइटहॉर्नला आल्यापासून ते कामच होऊन बसलं आहे.

रायफलीचं कारण असं. त्याच्या ऑफिसातले दोन डच सहकारी अधूनमधून उत्तर कॅनडात वल्ह्यांच्या होड्या घेऊन जातात. छोटं विमान त्यांना एका तळ्यावर उतरवतं आणि तीन आठवड्यांनी दुसऱ्या तळ्यावरून उचलतं. मधल्या प्रदेशात रस्ता नाही आणि मोबाइल चालत नाही. त्यांच्यातल्या एकाकडे सुटी होणारी छोटी रायफल आहे. नळी वेगळी निघते, दस्ता वेगळा निघतो, दोन्ही एका पिशवीत मावतं. विमानाला उशीर झाला आणि खाणं संपलं तर ससा किंवा रानकोंबडा मारता यावा, एवढाच तिचा उपयोग. पुढच्या खेपेला नवऱ्याला बोलावणं आलं होतं.

"त्यांच्याकडे आहे ना एक?" मी विचारलं.

"त्यांची होडी उलटली तर?"

"तू अख्खी कोंबडी कापलेली नाहीस. ससा सोलणार कोण?"

"यूट्यूबवर आहे सगळं," तो म्हणाला.

त्यासाठी तो आधी शूटिंग क्लबचा सदस्य झाला. इथे दुकानात जाऊन बंदूक विकत घेता येत नाही. वर्षभर क्लबात नियमित जावं लागतं, मग पोलिसांकडे अर्ज, मग चौकशी. तो शनिवार चुकवत नसे. क्लबातल्या एका निवृत्त माणसाने त्याला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं की अर्जात जंगलाचं नाव काढू नकोस. जंगलात जगण्यासाठी बंदूक हवी, हे इथे कारण धरत नाहीत. खेळ हे कारण धरतात. नवऱ्याने अर्जात खेळ लिहिलं.

मला रायफल घरात नको होती. हे आधीच लिहायला हवं होतं.

नवऱ्याने माझ्यावर किंवा मुलीवर कधी हात उचललेला नाही. तो वस्तू फोडतो. मिक्सरचं भांडं स्वयंपाकघराच्या भिंतीवर आपटलं, तिथला खड्डा मी भरून रंगवला आहे. न्हाणीघराच्या दाराची खालची फळी लाथेने फुटली. एका दिवाळीत फराळाला माणसं आलेली असताना टीव्हीला लॅपटॉप जोडला जाईना, म्हणून त्याने लॅपटॉप टेबलाच्या कडेवर आपटला. दर वेळी अर्ध्या तासात तो शांत होतो आणि चहा करतो. बाहेर सगळे त्याला शांत माणूस म्हणून ओळखतात. ऑफिसात तो खरोखरच शांत असेल.

तरीही मी तुलना केली. नकार देण्यापेक्षा ते सोपं होतं.

तीन प्रकार होते. पहिल्यात सगळे भाग पोकळ प्लास्टिकच्या दस्त्याच्या आत जातात. वरून झाकण लागतं, वजन अगदी कमी, पाण्यात पडली तर तरंगते. क्लबातला म्हातारा म्हणाला, ही विसर. स्वतःला लपवणारी बंदूक पोलिसांना आवडत नाही. दुसऱ्या प्रकारात नळी फिरवून काढता आणि लावता येते, मॅगझिनमध्ये दहा काडतुसं बसतात, बनावट उत्तम. तिचा दोष हा की दुर्बीण मागच्या भागावर बसते आणि नळी दर वेळी नव्याने जोडली जाते. नेम केसभर हलू शकतो, म्हणून जोडल्यावर दोन-चार गोळ्या झाडून तपासावा लागतो. जिथे काडतुसं मोजून नेलेली असतात तिथे हे परवडत नाही. शिवाय मॅगझिन हरवलं की रायफल जवळजवळ निरुपयोगी. तिसरी साधी, मधोमध बिजागरीवर मोडणारी. एक खीळ काढली की दोन तुकडे होतात. एका वेळी एकच काडतूस. नेम धरायची माशी आणि मागची खाच दोन्ही नळीवरच असल्यामुळे कितीही वेळा सुटी केली तरी नेम तसाच राहतो. हरवण्यासारखा भाग नाही, थंडीत तेल घट्ट झालं तरी फारसं बिघडत नाही.

मी तिसरी सुचवली. खाली दोन टिपा लिहिल्या. या काडतुसाने अस्वल थांबत नाही, चिडतं. आणि सशाच्या मांसात चरबी जवळजवळ नसते. नुसत्या सशावर राहिलेला माणूस पोट भरलेलं असूनही दिवसेंदिवस खंगत जातो.

त्याने टिपा वाचल्या नाहीत.

"एकच गोळी?"

"ससा एकच असतो. पहिली चुकली की तो थांबत नाही."

"तुला आता विनोद सुचताहेत."

त्याला सुरुवातीपासून दुसरीच हवी होती. तुलना त्याच्या निवडीला आधार म्हणून हवी होती. मी तक्ता तसाच ठेवला. त्याने दुसरीचं नाव अर्जात घातलं.

मुलगी अकरा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत नाही तर डचमध्ये. कपड्यांच्या अरुंद कपाटाएवढी लोखंडी तिजोरी घरी आली आणि वरच्या खोलीत भिंतीला बोल्टने बसवली गेली, तेव्हा ती दारात उभी होती.

"इज इट गोइंग टू लिव्ह हिअर?" तिने विचारलं. मांजर आणायचं ठरलं असतं तर तिने हाच प्रश्न विचारला असता.

"हो. पण कुलपात," तो म्हणाला.

ती माझ्याकडे बघत राहिली.

अर्जासोबत ओळखीच्या तीन माणसांनी भरून द्यायचे कागद होते. नवऱ्याने रविवारी सकाळी तीन मित्रांना मिसळ खायला बोलावलं. तिघेही आयटीतले, दोघे पुण्याचे, एक ठाण्याचा. कागद डचमध्ये होते. तिघांनाही डच येत नाही, नवऱ्यालाही नाही. मी सकाळच्या वर्गाला जाऊन शिकले आहे.

"वहिनी, सही कुठे करायची तेवढं दाखवा," ठाण्याचा म्हणाला.

"आधी प्रश्न आहेत. वाचून सांगते."

"अहो, घरमालकाचा करार तरी कुणी वाचला होता? त्याने सांगितलं सही कर, आपण केली."

"ह्याला बंदूक देताहेत म्हणजे ह्या देशाचं काही खरं नाही," दुसरा म्हणाला. "ससा दिसला की हा आधी मीटिंग रिक्वेस्ट पाठवणार."

"आणि सशाने डिक्लाइन केली तर?"

"तर एस्कलेट करेल. अस्वलाला सीसी."

नवराही हसत होता. तर्री वाढत होता. मी प्रश्न एकेक करून मराठीत वाचले. किती वर्षं ओळखता. दारू किती घेतो. अलीकडे नोकरी गेली आहे का, घरात मृत्यू झाला आहे का. तिघे भराभर खुणा करत गेले. मग प्रश्न आला, अर्जदाराचा रागावरचा ताबा सुटलेला तुम्ही पाहिला आहे का.

मी तो इतर प्रश्नांसारखाच वाचला. आवाज बदलला नाही.

तिघांतल्या सगळ्यात जुन्या मित्राने मान वर केली. दिवाळीतल्या लॅपटॉपच्या काचा त्याने गोळा केल्या होत्या. माझ्या हातातून सुपली घेऊन म्हणाला होता, वहिनी, तुम्ही बसा, पायाला लागेल. आता तो कागदाकडे बघत राहिला.

"काहीही विचारतात ही माणसं," तो म्हणाला. "नाही लिहा, वहिनी."

"मी लिहायचं नाही. खूण तुम्ही करायची."

त्याने 'नाही'च्या चौकोनात खूण केली आणि पाव मागितला. उरलेल्या दोघांनी त्याच्या कागदात बघून आपापल्या केल्या.

"बघ," नवरा मला म्हणाला, "तीन सज्जन माणसांचं सर्टिफिकेट."

त्यात दुष्टपणा नव्हता. आपल्यात सही मागितली की देतात. न देणं म्हणजे मैत्रीला नाही म्हणणं. त्या कागदाचा उपयोग कोणी तरी वाचून निर्णय घेण्यासाठी करणार आहे, हे तिघांपैकी दोघांच्या मनात आलं नसावं. जुन्या मित्राच्या आलं होतं. मला ते दिसलं.

काही आठवड्यांनी पोलीस खात्यातल्या बाई तिजोरी पाहायला आल्या. पन्नाशीच्या असतील. बोल्ट हलवून पाहिले, काडतुसांचा वेगळा कप्पा पाहिला, किल्ल्या कुठे ठेवणार ते विचारलं. नवरा इंग्रजीत व्यवस्थित उत्तरं देत होता. तेवढ्यात त्याचा ऑफिसचा कॉल आला आणि माफी मागून तो शेजारच्या खोलीत गेला. बाई खाली आल्या. दारापाशी कोट घालता घालता त्यांनी मला डचमध्ये विचारलं, "आणि तुम्हाला चालणार आहे का, हे घरात असलेलं?"

वरून त्याचा आवाज ऐकू येत होता. कुठल्याशा सर्व्हरबद्दल समजावत होता.

मी म्हटलं, "नाही."

"का?"

मी तीन प्रसंग सांगितले. तारीख, वस्तू, कोणत्या खोलीत, त्या वेळी घरात कोण होतं. विशेषणं वापरली नाहीत. अंगावर कधी आला नाही, हेही सांगितलं, कारण ते खरं होतं. त्या उभ्या उभ्या लिहून घेत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं की मला कोणाशी बोलायचं आहे का, मदत हवी आहे का. मी नको म्हटलं. त्यांनी एक कार्ड दिलं. ते मी डच व्याकरणाच्या पुस्तकात ठेवलं.

नकाराचं पत्र दीडएक महिन्याने आलं. नवऱ्याने टेबलाशी बसून मोबाइलचा कॅमेरा धरून ते वाचलं. घरच्या परिस्थितीबद्दल मिळालेल्या माहितीवरून, असं त्यात एक वाक्य होतं. ते त्याने दोनदा कॅमेऱ्याखाली धरलं. मी तांदूळ निवडत होते.

"तू काय सांगितलंस?"

"जे झालं ते."

"किती?"

"तीन."

"तीनच?"

"तारखा नक्की आठवत होत्या तेवढेच."

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. त्याने काही उचललं नाही. पत्राची घडी घातली, ते फाइलमध्ये लावलं आणि चहा टाकला. मलाही दिला. तेव्हापासून घरात काही फुटलेलं नाही. तो माझ्याशी ऑफिसात बोलत असेल तसं बोलतो. कृपया म्हणतो. मुलगी जेवायच्या टेबलावर आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघते.

जुन्या मित्राचा फोन आला. "वहिनी, आमच्या सह्या होत्या त्यावर. आम्ही खोटे ठरलो ना."

"काचा तुम्ही उचलल्या होत्यात," मी म्हटलं.

"त्याचं काय? घरातलं घरात ठेवायचं असतं. तुम्ही एकदा बोलला असतात, मी त्याला समजावलं असतं." मग म्हणाला, "त्याला किती वाईट वाटलंय, माहीत आहे का तुम्हाला?"

नवरा कॅनडाला गेला, रायफलीशिवाय. विमान वेळेवर आलं. ससा एकदाच दिसला म्हणे, लांबून.

माझा इथे राहण्याचा परवाना त्याच्या परवान्याला जोडलेला आहे. पाच वर्षं पूर्ण झाली की स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो, आणि तोपर्यंत एका पत्त्यावर राहत असल्याचं दिसावं लागतं. अपवाद आहेत, मी ते वाचले आहेत. त्यांना पुरावे लागतात. फुटलेल्या वस्तू दर मंगळवारी कचऱ्याच्या गाडीतून गेल्या.

संक्रांतीला इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात कुणी तरी रायफलीचा विषय काढला. नवरा खुर्च्या मांडत होता. तिथूनच हसून म्हणाला, "हिला बंदुकीची भीती वाटते. म्हणून राहूनच गेलं."

"मलाही वाटली असती बाई," जुन्या मित्राची बायको माझ्या हातावर तिळगूळ ठेवत म्हणाली. "किती समजूतदार नवरा आहे. दुसऱ्या कुणी ऐकलं नसतं."

तिचा नवरा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने ऐकलं आणि खुर्च्या उचलायला गेला.

माझ्या स्वतःच्या परवान्याच्या अर्जाला सात महिने राहिले होते. मी "हो" म्हटलं.