आभाळातल्या दगडाचं घराणं

भास्कर साळवे गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं केला, तेव्हा मी जालन्यात घरी पेपर वाचत बसलो होतो. "काका, बाबा सकाळी गेले..." एवढंच ती बोलली. आणि मी काय विचारावं? "माझ्यासाठी त्यानं काही ठेवलंय का?" तिच्या बापाचं प्रेत घरात आणि मी दगडाची चौकशी करत होतो. त्याची अजून लाज वाटते. पण पंधरा दिवसांपूर्वी त्याचाच फोन आल्ता, "वसंता, मधला तुकडा मिळाला. ये जल्दी." मी म्हणालो होतो, रविवारी येतो. असे दोन रविवार गेले.

आम्ही जाफराबादच्या शाळेतले सोबती. पुढं मी जालन्यात कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं, तो हसनाबादला शाळेत विज्ञान. पोरांनी अडचणीचा प्रश्न विचारला तर "माहीत न्हाई, पाहू" म्हणायला तो कधी लाजला नाही. मला ते उभ्या जन्मात जमलं नाही.

सहा वर्षांपूर्वी हसनाबादच्या शिवारात, कडूबाच्या कपाशीत, भरदिवसा आभाळातून दगड पडला. भास्कर सायकल हाणत पोचला तोवर कडूबाच्या आईनं, गयाबाईनं, तो लिंबाखाली मांडून त्याला तेल-शेंदूर लावलाही होता. भास्कर बौद्ध, शेंदराच्या दगडापुढं त्याच्या घरात दोन पिढ्या कुणी वाकलं नव्हतं. पण म्हातारीच्या देवाला त्यानं नावं ठेवली नाहीत. उचलताना निघालेली एक कपची तेवढी मागून घेतली. तीही शेंदरानं माखलेली. ती मी ओळखीच्या प्रयोगशाळेत पाठवली.

उल्केचं घराणं दोन गोष्टींवरून ठरवतात. एक तिच्या पोटातले बारीक गोल दाणे, दुसरं तिच्यातल्या ऑक्सिजनच्या हलक्या-जड प्रकारांचं प्रमाण. या कपचीत दाणे नव्हते, आणि ऑक्सिजन कुठल्याच माहितीतल्या घराण्याशी जुळेना. मी म्हणालो, दाणे उष्णतेनं वितळून गेले असतील आणि ऑक्सिजनचा आकडा तेला-शेंदरानं बिघडला असेल. आणि मत लिहून दिलं : सर्वसाधारण दगडी उल्का, म्हणजे दाण्यांच्या नेहमीच्या घराण्यातली. सही ठोकून मोकळा झालो. प्रयोगशाळेनंही तेच धरलं.

भास्कर भडकला. "शेंदूर वरून लागतो लेका, आत कसा शिरंल? अन् जे दाणे दिसतच न्हाईत ते होते असं कशावरून लिहितो?" मी म्हणालो, जगात असे वाद चालूच असतात, प्रत्येक विचित्र दगडाला नवं घर बांधत बसलो तर गाव वसंल. तो म्हणाला, "नवं घर नको बांधू. पण दुसऱ्याच्या घरात कोंबू बी नको. कशात बसत न्हाई, एवढं लिही फक्त." मी लिहिलं नाही. तो शाळामास्तर आणि मी प्राध्यापक, हे माझ्या डोक्यात होतंच. उगाच कशाला लपवू...

मधला कोरा तुकडा मिळाला तरच वाद मिटणार होता. पण देव फोडायला गयाबाई तयार नव्हती. भास्करनं बळजबरी केली नाही, कडूबाला मधे घातलं नाही. दर महिन्याला जायचा, चहा प्यायचा, दगड काय सांगू शकतो ते तिला समजावायचा आणि परत यायचा. पाच वर्षं. शेवटी तीच म्हणाली, "घ्या सर, पण उरलं ते आणून द्या." मग त्यानं मला तो फोन केला.

दहाव्यानंतर... नाही, त्यांच्यात दहावा नसतो. जलदानानंतर त्याच्या मुलीनं सांगितलं, रिटायर झाल्यावरही बाबा दगडाचं सगळं शाळेतच ठेवायचे, म्हणून मी शाळेत गेलो. प्रयोगशाळेतल्या कपाटात तुकडा कागदात बांधलेला होता. वर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी : 'गट – वसंतानं पाहिल्यावर.' पाच वर्षं भांडून माणसानं निकाल माझ्यावरच सोपवला होता. मी तिथंच बाकावर बसून रडलो.

तुकडा पाठवला. परवा कळलं : आतही दाणे नाहीत, आणि कोऱ्या गाभ्यातला ऑक्सिजनही कुठल्याच घराण्यात बसत नाही. माझं मत मी लेखी मागं घेतलं.

उरलेला तुकडा द्यायला काल गयाबाईकडं गेलो. तिनं तो पदरात घेतला. "सरचं खरं निघालं का?"

"हो."

"मंग ते असताना काहून न्हाई पाह्यलं?"

"वेळ झाला नाही," मी म्हणालो.

वेळ होता. रिटायर होऊन चार वर्षं झालीत मला. हसनाबादला जायला एसटीनं दीड-दोन तास लागतात. आपण चुकलो असू, याची भीती वाटत होती, म्हणून गेलो नाही. हे मी म्हातारीला सांगू शकलो नाही. भास्करला सांगितलं असतं तर तो हसला असता आणि म्हणाला असता, बस, चहा घे.