बिळातली ज्वारी

सकाळी पिंजरे उघडत गेले, तर एकामागून एक रिकामा. शेंगदाण्याचं कूट आणि बाजरीचं पीठ मळून ठेवलेलं आमिष जसंच्या तसं. मुंग्यांनी खाल्लं असेल तेवढंच. शेवटच्या ओळीत एक प्राणी सापडला, तोही उंदीर नव्हे, चिचुंद्री. सोलर कंपनीचे साइट मॅनेजर कुलदीप सर माझ्या मागे उभे राहून रिकाम्या पिंजऱ्यांचे फोटो काढत होते.

"एकदम क्लीन साइट आहे ना मॅडम?" ते म्हणाले. स्वारी खूश होती.

मी पिंजरे गोळा करायला लागले. सकाळी सकाळी तोंड खराब करायचं नव्हतं.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आता असले सर्वे करते. कंपनीला कर्ज देणाऱ्या बँकेची अट होती की पॅनेल बसवण्याआधी त्या जमिनीवर कोणते रानउंदीर आहेत ते बघा. घुबडं, धामणी, खोकडं त्यांच्यावरच जगतात. उंदीर गेले की तीही जातात. शिवाय हेच उंदीर पुढे पॅनेलच्या केबल कुरतडतात, त्यामुळे कंपनीलाही ते माहीत असलेलं बरं. पण कुलदीप सरांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच, "उंदीर म्हणजे उंदीर. त्यात ओळखायचं काय?"

अहो, काय म्हणजे? माळावर लांब मागच्या पायांचा आणि शेपटीला काळा झुपका असलेला उंदीर असतो, त्याला जर्बिल म्हणतात. शेतात मऊ केसांचा उंदीर असतो. बांधात छोटी घूस असते. पिंजरा पत्र्याच्या लांबट पेटीसारखा असतो, त्यात प्राणी जिवंत सापडतो. त्याला कापडी पिशवीत घ्यायचं, शेपूट, कान, मागचं पाऊल मोजायचं, ओळख पटली की सोडून द्यायचं. हे मी सरांना सांगितलं होतं. ते ऐकताना जांभई देत होते.

ही जमीन प्रकाशा गावाच्या रस्त्यावरची, हिरामण आप्पांची. भाडेपट्ट्यानं कंपनीला दिली होती. ताबा जाण्याआधी आप्पांनी ज्वारीचं शेवटचं पीक काढून घेतलं. ज्वारी निघालेल्या रानात उंदीर नाही? तापीकाठच्या काळ्या मातीत? शक्यच नाही. आदल्या संध्याकाळी मी बिळांची तोंडं मातीनं बुजवली होती. सकाळी जी उघडलेली दिसतात, ती चालू बिळं, असा साधा हिशेब असतो. एकही उघडलं नव्हतं.

आणि ती चिचुंद्री डोक्यातून जाईना. चिचुंद्री किडे खाते, दाण्याला सहसा तोंड लावत नाही. म्हणजे दाणे खाणारे सगळे गेले आणि किडे खाणारी तेवढी उरली. मी एका बिळाची माती काठीनं बाजूला केली. लसणासारखा उग्र वास आला. आत काळपट, तेलकट दाणे दिसले. झिंक फॉस्फाइड. उंदीर मारायचं जहाल विष.

"सर, इथे औषध टाकलंय?"

"हो ना," ते अभिमानानं म्हणाले. "परवाच पेस्ट कंट्रोलवाले बोलावले. तुम्ही इन्स्पेक्शनला येणार, म्हटलं साइट साफ पाहिजे."

घ्या! उंदरांचा सर्वे, आणि या गृहस्थानं आधी उंदीर मारून ठेवले. साहेब येणार म्हणून शाळेचं पटांगण झाडतात ना, तशी यांनी जमीन झाडली. वर एमबीए. मला इतका संताप आला की हातातली काठी मी खाली टाकली.

"आम्हाला तर वाटलं तुम्ही अप्रिशिएट कराल," ते म्हणाले.

"करते हं. आधी सगळं बघू द्या."

काल जिथवर गेले नव्हते त्या बांधाकडे मी निघाले. तिथे बिळं बुजवलेली नव्हती, खणलेली होती. कुदळीनं हातभर खोल खड्डे, माती बाजूला रचलेली. हे पेस्ट कंट्रोलवाल्यांचं काम नव्हतं. तेवढ्यात हिरामण आप्पा मोटारसायकलवरून आले.

"आप्पा, ह्या बिळं कोनी खंद्यात?"

"पावरा बाया उन्यात काल्दिन," आप्पा म्हणाले. "पाटना पलीकडे ऊसतोडीवाला शेत ना, त्यासन्या. बीळमाईन जवारी काढी लई गयात. दरसाल नेतस, ताई. त्याम्हां काय?"

मी खड्ड्यात वाकून बघितलं, तिथेही तेच काळपट दाणे होते.

छोटी घूस पिकाच्या दिवसांत बिळात कणसं साठवते, चांगली घमेलंभर. धडगावकडून ऊसतोडीला आलेल्या पावरा आदिवासी बायका पीक निघालं की ती बिळं खणतात आणि साठा घेऊन जातात. धुऊन, वाळवून, दळून भाकरी करतात. शेतमालक त्या दाण्यावर हक्क सांगत नाही. जो खणेल त्याचा. हे इकडच्या प्रत्येकाला माहीत आहे. कंपनीच्या ऑफिसात एकालाही माहीत नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

आणि काल नेलेल्या साठ्यात हे काळपट दाणे मिसळलेले असणार.

"गाडी काढा," मी कुलदीप सरांना म्हटलं.

"मॅडम, एक मिनिट. त्या बायका आत आल्याच कशा? ट्रेसपासिंग आहे हे. आपण कशाला अंगावर घ्यायचं? सर्वे तुमचा उंदरांचा आहे."

"गाडी काढता, की आप्पांच्या मागे बसून जाऊ आणि तिथूनच पोलिसांना फोन करू?"

गाडी निघाली. सर स्वतः चालवत होते, आप्पा मागे बसले होते. मी देवाला मानत नाही, पण त्या रस्त्यावर मानलं.

पाटाच्या पलीकडे पालं होती. माणसं उसाच्या फडात गेलेली. एका पालापुढे जमनाबाई नावाची बाई बसली होती, साठीच्या पुढची. तिच्यासमोर गोणपाटावर ज्वारी पसरलेली होती. मी खाली बसून बघितलं. पांढऱ्या दाण्यांत ते काळे दाणे दिसत होते.

"ह्यातलं कोणी खाल्लं का, बाई?"

"नही अजून. वास येस, म्हनीन ऊन दिधं," ती म्हणाली. घरी ती पावरी बोलते, आमच्याशी मोडकी अहिराणी. "आज दळसू. फडमाईन बठ्ठा येतीन, मंग भाकरी."

हुश्श! संध्याकाळी सगळं पाल ही भाकरी खाणार होतं. मी तिला सांगितलं की हे फेकून द्यायचं, यात विष आहे, धुऊन जात नाही. आप्पांनीही सांगितलं. ती जरा विचारात पडली. हात गोणपाटाच्या कडेला गेला, आता गोळा करून देईल असं वाटलं.

तेवढ्यात कुलदीप सरांना अक्कल सुचली.

"ये कंपनी का माल है," ते मोठ्यानं म्हणाले. "बिना पूछे उठाया है. वापस करना पडेगा."

झालं. जमनाबाईनं गोणपाट चारी बाजूंनी ओढून घेतलं आणि त्यावर चक्क मांडी घातली. आता तिला सगळं कळलं होतं. विषबिष काही नाही, कंपनीवाले दाणा परत न्यायला आलेत.

"मालक कधी मांगत नही," ती आप्पांकडे बघून म्हणाली. "आम्ही खंदं, आम्हनं शे."

"खरं शे, माय. तुन्हंच शे," आप्पा म्हणाले. "पन मरशी ना!"

"मरसू तं मरसू."

आप्पांनी हात जोडले. मी हात जोडले. बाई हलेना. का हलावं तिनं? तिच्या आयुष्यात गाडीतून आलेल्या माणसानं कधी काही द्यायला गाडी थांबवली होती? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं.

मी उठले. गोणपाटाच्या कोपऱ्यातून हातरुमालात मूठभर ज्वारी घेतली, काळ्या दाण्यांसकट, आणि रुमाल कुलदीप सरांच्या नाकापुढे धरला.

"कंपनीचा माल आहे ना? चांगला माल आहे. खा."

"काय मॅडम, मजाक..."

"मजाक नाही. एक दाणा खा. बाई बघतेय. तुम्ही खाल्लात तर दाणा तुमचा, मी माफी मागते आणि घरी जाते."

सर मागे सरकले. मी पुढे गेले. ते आणखी मागे सरकले, पालाच्या दोरीत पाय अडकून पडता पडता वाचले. चेहरा पांढराफटक. तोंडावर त्यांनी दोन्ही हात घट्ट धरले होते, जणू मी बळंच भरवणार होते.

जमनाबाई हे सगळं बघत होती. ती मांडी मोडून उठली. गोणपाट तसंच तिथे सोडलं आणि आधी जाऊन हात धुतले, राखेनं, दोनदा.

मग आम्ही सगळी पालं फिरलो. आणखी दोघींकडे तोच दाणा निघाला. त्यांना समजवायला जमनाबाई पुढे होती, पावरीत काय बोलली मला कळलं नाही, पण मधेच ती तोंडावर हात धरून मागे सरकून दाखवायची आणि बायका हसायच्या. तो दाणा गोणपाटासकट खोल पुरला. आप्पांनी घरून त्यांच्या कोठीतली ज्वारी आणून दिली. कंपनीनं काय दिलं? कंपनीनं तारेचं कुंपण दिलं.

मी रिपोर्टात लिहिलं की सर्वे झालेला नाही, कारण त्याआधीच विष टाकलं होतं. उंदरांवर जगणाऱ्यांमध्ये घुबड, धामण, खोकड लिहिलं आणि त्याखाली ऊसतोडीच्या बायका लिहिल्या. शेवटची ओळ काढा, असा वरून फोन आला. मी काढली नाही. मग त्यांनी दुसरा तज्ज्ञ आणला. त्याला तिथे काहीच सापडलं नाही म्हणे. सापडेल कसं?

आता कुठल्या कंपनीचा फोन आला की मी आधी विचारते, जमिनीवर काही टाकलंय का? हो म्हणाले, तर आधी तिथल्या बिळांतलं धान्य कोण नेतं ते शोधून या म्हणते, मग मला बोलवा. उंदीर तोवर थांबतात. मेलेल्यांना घाई नसते.